अँटिव्हायरस रिन्यू करायचा की बदलायचा? मुदत संपण्याआधी एका संध्याकाळी ठरवायची गोष्ट

अँटिव्हायरसची मुदत संपायला महिना उरला की स्क्रीनच्या कोपऱ्यात निरोप यायला लागतात. पहिले दोन-चार आपण बंद करतो, मग कंटाळून ‘रिन्यू’ दाबतो, ओटीपी टाकतो आणि मोकळे होतो. यात कधी गरज संपलेल्या वस्तूला पैसे जातात, आणि ज्याची खरी गरज असते, म्हणजे जुनी विंडोज बदलणं किंवा फोटोंची दुसरी प्रत ठेवणं, ते तसंच राहतं. एक निवांत संध्याकाळ काढली तर हा निर्णय नीट होतो. गुरुवार मात्र टाळा. देखभालीसाठी वीज घालवण्याचा पुण्यातला तो ठरलेला वार, आणि विंडोजचं मोठं अपडेट अर्ध्यावर असताना लाइट गेली तर डेस्कटॉपवाल्यांचा शुक्रवारही त्यातच जातो.

आमचं मत आधीच सांगतो. विंडोज ११ अपडेटेड असेल, इंटरनेट कायम चालू असेल आणि कॉम्प्युटरवर बँक, बिलं, मेल, यूट्यूब, मुलांचा अभ्यास एवढंच होत असेल, तर विकतच्या अँटिव्हायरसची गरज नाही. विंडोजमध्ये आधीच असलेला डिफेंडर पुरतो. याला अपवाद आहेत आणि ते पुण्यातल्या बऱ्याच घरांना लागू पडतात. तुमचं घर त्यात बसतं का, ते खाली तपासू.

आधी निरोप खरा आहे का ते बघा

‘तुमचा अँटिव्हायरस संपला आहे, पाच व्हायरस सापडले आहेत’ असा लालभडक चौकोन उजव्या कोपऱ्यात आला की क्लिक करण्याआधी त्यातली बारीक अक्षरं वाचा. त्यात क्रोम किंवा एजचं नाव आणि शेजारी एखाद्या अनोळखी वेबसाइटचा पत्ता दिसला, तर त्या निरोपाचा तुमच्या अँटिव्हायरसशी काहीही संबंध नाही. कधीतरी फुकट सिनेमाच्या किंवा पीडीएफच्या साइटवर ‘अलाऊ’ दाबलं गेलं, त्याचा हा परिणाम. क्रोमच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, मग ‘साइट सेटिंग्ज’, मग ‘नोटिफिकेशन्स’ इथे जा (एजमध्ये नावं थोडी वेगळी असतात). परवानगी दिलेल्या साइट्सच्या यादीत ओळखीचं नसलेलं प्रत्येक नाव काढून टाका. बहुतेक वेळा ‘व्हायरस’ तिथेच संपतो.

दुसरा प्रकार मेलचा. नॉर्टन किंवा मॅकॅफीच्या नावाने डॉलरमधलं बिल येतं: ‘तुमचं रिन्यूअल झालं, रद्द करायचं असेल तर या नंबरवर फोन करा.’ फोन केला की पलीकडचा माणूस एनीडेस्कसारखं सॉफ्टवेअर टाकायला लावतो आणि तुमचा कॉम्प्युटर त्याच्या हातात जातो. असा फोन करू नका. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी गोठवायचे असतात, त्यामुळे इथे मिनिटं मोजावी लागतात.

खरी तारीख बघायची जागा एकच. घड्याळाशेजारच्या चिन्हावरून तुमचा अँटिव्हायरस स्वतः उघडा आणि ‘अबाऊट’ किंवा ‘लायसन्स’च्या पानावर जा. मुदत कधी संपते, प्रॉडक्ट की (लायसन्स चालू करायचा कोड) कोणती, लायसन्स किती मशीनचं, आणि ते कोणत्या मोबाइल नंबरवर किंवा मेलवर नोंदलेलं आहे, या चार गोष्टी कागदावर लिहून घ्या.

चौथ्या गोष्टीला पुण्यात विशेष महत्त्व आहे. टिळक रोडवरून असेम्बल्ड पीसी आणला किंवा कॉलनीतल्या दुरुस्तीवाल्याकडून फॉरमॅट करून घेतला की ‘अँटिव्हायरस टाकून देतो’ हे ओघाने येतंच. तीन मशीनचा पॅक घ्यायचा आणि तो तीन गिऱ्हाइकांना वाटायचा, ही काही दुकानांची पद्धत आहे. मग नोंदणी दुकानाच्या मोबाइलवर होते, कीचा कागद दुकानात राहतो आणि रिन्यूअलची सवलत, ओटीपी, सगळं त्यांच्याकडे जातं. तुमच्याकडे जीएसटीचं बिल नसेल आणि नोंदणी दुसऱ्याच्या नावाची असेल, तर ते लायसन्स रिन्यू करत बसू नका. कॉम्प्युटर पुन्हा फॉरमॅट झाला तर की परत चालू करायला तुम्हाला त्याच दुकानाच्या दारात जावं लागेल.

विंडोज कोणती आहे, यावर निम्मा निर्णय ठरतो

विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, येणाऱ्या चौकटीत ‘विनव्हर’ (winver) इंग्रजीत सलग टाइप करून एंटर दाबा. आवृत्ती दिसेल.

विंडोज ७ किंवा ८.१ असेल तर अँटिव्हायरसचा विचार इथेच थांबवा. विंडोज ७ ची सुरक्षा अपडेट्स जानेवारी २०२० मध्ये आणि ८.१ ची जानेवारी २०२३ मध्ये बंद झाली. त्याच सुमारास क्रोमनेही या दोन्हींना नवीन आवृत्त्या देणं थांबवलं. अशा मशीनवर बँकेचं काम करायचंच नाही. त्यावर नवीन अँटिव्हायरस घेणं म्हणजे दाराला कडी नसताना खिडकीला जाळी बसवणं.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा अपडेट्सची योजना जाहीर केली, तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६. त्यासाठी आवृत्ती २२एच२ लागते आणि ‘विंडोज अपडेट’च्या पानावरून नाव नोंदवावं लागतं. डिफेंडरची व्हायरस ओळखण्याची यादी मात्र विंडोज १० वर ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहील, असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं आहे. या दोन तारखांत गल्लत करू नका. यादी ताजी असली तरी विंडोजमधली भोकं बुजवली जात नाहीत, आणि कोणताही विकतचा अँटिव्हायरस ती बुजवू शकत नाही. म्हणून विंडोज १० वर तीन वर्षांचं लायसन्स घेणं हा सरळ तोट्याचा व्यवहार. घ्यायचंच असेल तर एक वर्षाचं घ्या.

त्याआधी मशीन विंडोज ११ घेऊ शकतं का ते तपासा. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ हे फुकट साधन आहे. ठोकताळा असा: इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर, एएमडीचा असेल तर रायझन २००० मालिका किंवा पुढची, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय). शेवटचा मुद्दा बऱ्याचदा फसवा निघतो. टीपीएम बोर्डावर असतं, पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद ठेवलेलं असतं. इंटेलच्या बोर्डांवर ते ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या बोर्डांवर ‘एफटीपीएम’ नावाने सापडतं. असेम्बल्ड पीसीवर ‘चालणार नाही’ असं उत्तर आलं तर नवीन मशीन घेण्याआधी एवढं बघून घ्या.

मॅक असेल तर ॲपलची स्वतःची एक्सप्रोटेक्ट ही व्यवस्था आत असते. मॅकओएस अपडेट ठेवा, ॲप स्टोअरबाहेरच्या वस्तू कमी घ्या, घरगुती वापराला तेवढं पुरतं.

डिफेंडर कुठे पुरतो, कुठे कमी पडतो

डिफेंडर म्हणजे कामचलाऊ वस्तू, हा समज दहा वर्षांपूर्वीचा आहे आणि तेव्हा तो बरोबर होता. आज जर्मनीतल्या माग्देबुर्गची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या दोन्ही चाचणी संस्थांच्या निकालांत तो विकतच्या उत्पादनांच्या रांगेत उभा असतो. एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि वापरातली सोय यांना प्रत्येकी ६ गुण देते, एकूण १८. निकाल वाचताना एकच महिना पाहू नका, लागोपाठचे तीन-चार निकाल पाहा. संरक्षणात ६ असून वेगात ५ मिळत असतील तर ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर तो एक गुण रोज जाणवतो. तुमचं आताचं उत्पादन या याद्यांत मुळीच दिसत नसेल, तर त्याच्या डब्यावर छापलेल्या दाव्यांना दुजोरा कुठून मिळतो ते कंपनीला विचारा.

डिफेंडरची खरी कमजोरी इंटरनेट नसताना दिसते. संशयित फाइल ओळखायला तो मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर बराच विसंबतो. नेट बंद असेल तर त्याची ओळखण्याची ताकद घटते, हे एव्ही-कम्पॅरेटिव्ह्जच्या मालवेअर चाचणीत दिसून आलेलं आहे. ज्या घरात वायफाय अखंड आहे तिथे याने फरक पडत नाही. पण आजोबांच्या खोलीतल्या पीसीला नेट फक्त मोबाइल हॉटस्पॉटवरून, तेही कधीमधी मिळत असेल आणि पेनड्राइव्हची ये-जा असेल, तर ऑफलाइन चांगलं काम करणारं विकतचं उत्पादन घ्यायला सबळ कारण आहे.

पेनड्राइव्हचा मुद्दा पुण्यात मोठा. कॉलेजचं जर्नल, प्रोजेक्ट रिपोर्ट, सोसायटीचा ताळेबंद, सगळं पेनड्राइव्हवर घालून झेरॉक्सच्या दुकानात जातं. तिथल्या एका पीसीला दिवसभरात कित्येक पेनड्राइव्ह लागतात. परत आल्यावर फोल्डरच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट दिसले, चिन्हाच्या कोपऱ्यात छोटा बाण दिसला, तर त्यावर डबल क्लिक करू नका. मूळ फोल्डर तिथेच लपवलेला असतो आणि शॉर्टकट हा व्हायरस चालू करायचा खटका असतो. फाइल एक्स्प्लोररमध्ये ‘व्ह्यू’, ‘शो’, ‘हिडन आयटम्स’ चालू करा. त्याने काही दिसलं नाही तर जुन्या पद्धतीच्या ‘फोल्डर ऑप्शन्स’मध्ये ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टम फाइल्स’वरची खूण काढा. खऱ्या फाइल्स कॉपी करून घ्या, पेनड्राइव्ह स्कॅन करा आणि फॉरमॅट करा. घरातून आठवड्याला एकदा तरी पेनड्राइव्ह बाहेर जात असेल तर लावल्याबरोबर आपोआप स्कॅन करण्याची सोय कामाची ठरते. ती विकतच्या बहुतेक उत्पादनांत मिळते. डिफेंडर पेनड्राइव्हवरची फाइल उघडताना तपासतो, लावल्याबरोबर अख्खा पेनड्राइव्ह आपणहून चाळत नाही.

आणखी तीन अपवाद. पहिला, घरातून धंदा चालतो: टॅली, जीएसटी, डिजिटल सहीचं टोकन, गिऱ्हाइकांची कागदपत्रं. अशा ठिकाणी वेगळी फायरवॉल (नेटवरची नको ती रहदारी अडवणारी भिंत) आणि अडचणीला फोन उचलणारा माणूस असण्याला किंमत आहे. (डिजिटल सहीचं टोकन असेल तर उलट अडचणही येते. अँटिव्हायरस सुरक्षित वेबसाइट्सची रहदारी तपासतो, त्यात सही करणाऱ्या सॉफ्टवेअरचा ब्राउझरशी असलेला धागा तुटतो. नवीन उत्पादन घेतल्यावर रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवसाआधी एकदा सही करून बघा.) दुसरा, घरात लहान मुलं आहेत आणि वेळेची मर्यादा, साइट्सचं बंधन तुम्ही खरोखर वापरता. पण त्यातलं बरंचसं मायक्रोसॉफ्ट फॅमिली सेफ्टीत फुकट मिळतं, तेही बघा. तिसरा, आईवडील पुण्यात आणि मुलं परदेशात. मराठीत बोलून अडचण सोडवणारा माणूस हवा असेल तर स्थानिक कंपनीचं उत्पादन सोयीचं. क्विक हील पुण्याचीच, काटकर बंधूंनी दुरुस्तीच्या धंद्यातून उभी केलेली. नेट प्रोटेक्टरही पुण्याचं. के७ चेन्नईचं.

अँटिव्हायरसने न सुटणारी गोष्टही सांगून टाकतो. ‘तुमचं लाइट बिल थकलं, आज रात्री वीज तोडू’ किंवा ‘आरटीओचं चलन’ म्हणून व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाइल, म्हणजे अँड्रॉइडचं ॲप, मोबाइलवर बसते, आणि ओटीपी आपण स्वतः सांगतो. पीसीवर कितीही महागडा अँटिव्हायरस असला तरी यात तो कुठेच येत नाही.

पैशांचा हिशेब

पॅकवरची मोठी अक्षरं फसवी असतात. किंमत भागिले मशीन, भागिले वर्षं, असा एका मशीनचा एका वर्षाचा दर काढा. समजा तीन मशीनचा तीन वर्षांचा पॅक २,७०० रुपयांना मिळतोय. दर ३०० रुपये वाटतो. पण घरात चालू मशीन एकच असेल तर तो ९०० रुपये झाला. वर दाखवलेल्या किमतीत १८ टक्के जीएसटी धरला आहे का, ते पैसे भरायच्या पानावरच कळतं.

दुसरी मेख पहिल्या वर्षाच्या सवलतीची. परदेशी कंपन्या पहिलं वर्ष स्वस्त देतात आणि रिन्यूअलला पूर्ण किंमत लावतात. रिन्यू दाबण्याआधी त्याच उत्पादनाच्या नव्या पॅकची किंमत दुसऱ्या खिडकीत उघडा. नवा पॅक बराच स्वस्त असेल तर जुनी मुदत संपू द्या आणि नवा घ्या. मात्र काही कंपन्यांत रिन्यूअल की आणि नवीन की वेगवेगळ्या असतात. रिन्यूअल की नव्या मशीनवर चालत नाही आणि नवी की जुन्या लायसन्सला जोडता येत नाही. डब्यावरचा शब्द नीट वाचा. परदेशातल्या साइटवरून स्वस्तात घेतलेली की भारतात चालू होईलच असंही नाही, कारण काही की ठरावीक देशांपुरत्याच असतात.

पॅकबरोबर मिळणाऱ्या जास्तीच्या सोयींपैकी तुम्ही गेल्या महिन्यात काय वापरलं ते लिहा. व्हीपीएन (तुमचं नेट दुसऱ्या सर्व्हरमधून फिरवणारी सोय)? स्वस्त पॅकांत बहुधा त्याला दिवसाच्या डेटाची मर्यादा असते. ‘पीसी ट्यून-अप’ किंवा ‘क्लीनर’? मशीन त्याने वेगवान होत नाही. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाकली की होतं, आणि त्याचा खर्च दोन-तीन वर्षांच्या लायसन्सइतकाच असू शकतो. पासवर्ड मॅनेजर वापरत असाल तर ती खरी सोय आहे, पण बाहेर पडताना तीच सगळ्यात जास्त अडवते, ते पुढे येईलच.

ब्रँड बदलताना मालक कोण तेही बघा. नॉर्टन, अवास्ट, एव्हीजी आणि अविरा ही चारही नावं आता जेन डिजिटल या एकाच कंपनीची आहेत. अवास्टला कंटाळून अविरा घेतलं तर चूल वेगळी, घर तेच. अवास्टने ग्राहकांची ब्राउझिंगची माहिती विकल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये १.६५ कोटी डॉलरची भरपाई लावली. फुकट अँटिव्हायरसची किंमत कशी वसूल होऊ शकते, हे त्यातून कळतं. डिफेंडर असताना वेगळा फुकट अँटिव्हायरस टाकायला आम्हाला काही कारण दिसत नाही. कॅस्परस्काय या रशियन कंपनीच्या अँटिव्हायरसवर अमेरिकेने २०२४ मध्ये बंदी घातली. ती बंदी भारताला लागू नाही, पण अमेरिकेतल्या मुलाच्या खात्यावरून घेतलेलं लायसन्स असेल तर त्याचा विचार करा.

रिन्यू करायचं ठरलं तर

प्रोग्रामच्या आतल्याच ‘रिन्यू’ बटणावरून किंवा कंपनीच्या साइटवर स्वतः पत्ता टाइप करून जा. मेलमधल्या लिंकवरून नको. मुदत संपण्याआधी रिन्यू केलं तर उरलेले दिवस पुढे जोडले जातात का, ते त्याच पानावर वाचा. जोडले जात नसतील तर शेवटच्या दोन-तीन दिवसांपर्यंत थांबा. नोंदणीत स्वतःचा मोबाइल आणि मेल घाला. पैसे भरल्यावर ‘लायसन्स’च्या पानावरची तारीख खरोखर पुढे गेली का ते बघा, कारण पावती आली तरी की चालू करायची राहिलेली असू शकते. मुदत संपल्यावर काही उत्पादनं उघडलेली दिसतात, हिरवी खूणही ठेवतात, पण नवीन यादी घेणं थांबवतात.

बदलायचं ठरलं तर: काढण्याआधीची कामं

इथे घाई झाली की नुकसान होतं, म्हणून क्रम पाळा.

१. पासवर्ड मॅनेजरमधले पासवर्ड एक्स्पोर्ट करा, नव्या जागी आणा, दोन-तीन ठिकाणी लॉगिन करून बघा आणि मग ती एक्स्पोर्ट फाइल कायमची पुसा. त्या फाइलमध्ये सगळे पासवर्ड उघड्या अक्षरांत असतात. ती डाउनलोड्समध्ये पडून राहणं व्हायरसपेक्षा वाईट.

२. अँटिव्हायरसच्या ‘व्हॉल्ट’मध्ये कुलपात ठेवलेल्या फाइल्स बाहेर काढा. प्रोग्राम गेल्यावर ते कुलूप उघडणारं कोणी उरत नाही.

३. त्याच कंपनीच्या क्लाउड बॅकअपवर फोटो असतील तर ते उतरवून घ्या. मुदत संपल्यावर ते कायम राहतील असं धरू नका.

४. क्वारंटाइनची, म्हणजे संशयित म्हणून बाजूला डांबलेल्या फाइल्सची, यादी उघडा. मराठी डीटीपीची जुनी सॉफ्टवेअर, त्यांच्या डोंगलची साहाय्यक फाइल किंवा ऑफिसचा एखादा मॅक्रो चुकून तिथे अडकलेला असू शकतो. अनइन्स्टॉल करताना क्वारंटाइन पुसलं जातं. पण फुकट क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरचा ‘कीजेन’ (खोटी की बनवणारा प्रोग्राम) तिथे दिसला तर तो परत आणू नका. तो बरोबर जागी आहे.

५. महत्त्वाच्या फाइल्सची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि केबल काढून ठेवा. केबल लावलेली असेल तर रॅन्समवेअर, म्हणजे फाइल्सना कुलूप घालून खंडणी मागणारा व्हायरस, त्या प्रतीलाही कुलूप घालतो.

६. विंडोजमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा ‘बिटलॉकर’ (डिस्कवरचं सगळं कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू असेल तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवा. पुढे सेफ मोडमध्ये (विंडोज अगदी गरजेपुरती सुरू करायची पद्धत) जावं लागलं तर मशीन ती मागू शकतं, आणि ती नसेल तर डिस्कवरचं सगळं गेलं.

७. नवीन अँटिव्हायरस घेणार असाल तर त्याचा सेटअप आधीच उतरवून ठेवा. जुना काढल्याशिवाय मात्र चालवू नका. दोन अँटिव्हायरस एकाच फाइलवर एकदम झडप घालतात, डिस्क १०० टक्क्यांवर जाते आणि कधी एकमेकांच्याच फाइल्स क्वारंटाइन करतात.

काढताना

‘सेटिंग्ज’मधल्या ‘ॲप्स’च्या यादीतून अनइन्स्टॉल करा. नेट चालू ठेवा, कारण लायसन्स त्या मशीनवरून मोकळं झाल्याची नोंद कंपनीच्या सर्व्हरवर व्हायला लागते. नेटशिवाय काढलं तर तीच की दुसऱ्या मशीनवर ‘आधीच वापरात आहे’ म्हणते. मध्येच ‘सेटिंग आणि अपडेट्स जपून ठेवायचे की पूर्ण काढायचं’ असा प्रश्न आला तर ‘पूर्ण’ निवडा. त्याच कंपनीच्या नव्या आवृत्तीवर जाणार असाल तरच ‘जपून ठेवा’. मग रीस्टार्ट करा. ‘शट डाउन’ पुरत नाही, कारण विंडोजच्या फास्ट स्टार्टअपमुळे शट डाउननंतरही जुन्या अँटिव्हायरसचे ड्रायव्हर मेमरीत राहतात.

आता ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडा. खाली डाव्या कोपऱ्यातल्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘मॅनेज प्रोव्हायडर्स’ आहे. अँटिव्हायरस, फायरवॉल, वेब संरक्षण कोणाच्या ताब्यात आहे ते तिथे दिसतं. जुन्या अँटिव्हायरसचं नाव तिथे अजून असेल तर काम अपुरं आहे. नव्या लॅपटॉपबरोबर आलेल्या ट्रायलच्या बाबतीत हे हमखास होतं. ट्रायल संपलेली असते, पण नाव नोंदलेलं राहतं. तशा वेळी डिफेंडर बहुतेकदा आपोआप चालू होतो, पण नेहमीच नाही, आणि मधल्या काळात मशीन उघडं राहतं.

अशा वेळी त्या कंपनीचं काढायचं खास साधन वापरा. मॅकॅफीचं एमसीपीआर, नॉर्टनचं रिमूव्ह अँड रीइन्स्टॉल, अवास्टचं अवास्टक्लिअर, कॅस्परस्कायचं केएव्हीरिमूव्हर. इतर कंपन्यांचं त्यांच्या मदतपानावर मिळतं. साधन कंपनीच्या साइटवरूनच घ्या. ‘अनइन्स्टॉलर’ शोधल्यावर वर जाहिरातीत येणाऱ्या साइट्स टाळा. काही साधनं सेफ मोडमध्येच चालतात, तिथे ती रिकव्हरी की कामाला येते.

काढल्यावर नेट बंद पडलं तर घाबरू नका. वायफाय जोडलेलं दिसतं आणि एकही साइट उघडत नाही, हे जुन्या फायरवॉलचा नेटवर्क फिल्टर मागे राहिल्याचं लक्षण. आधी कंपनीचं साधन पुन्हा चालवा. त्याने नाही झालं तर ‘नेटवर्क अँड इंटरनेट’मधल्या ‘ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज’मध्ये ‘नेटवर्क रीसेट’ करा. त्यात वायफायचे साठवलेले पासवर्ड जातात, तेव्हा राउटरचा पासवर्ड हाताशी ठेवा.

डिफेंडरवर राहणार असाल तर त्याची मांडणी

‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये जाऊन यादी अपडेट करा, आजची तारीख दिसली पाहिजे. त्याखालच्या ‘मॅनेज सेटिंग्ज’मध्ये रिअल-टाइम, क्लाउड आणि टॅम्पर प्रोटेक्शन तिन्ही चालू हवीत. टॅम्पर बंद असेल तर व्हायरस आधी डिफेंडरच बंद करतो. ‘ॲप अँड ब्राउझर कंट्रोल’मध्ये ‘रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन’ उघडा आणि ‘पोटेन्शियली अनवॉन्टेड ॲप ब्लॉकिंग’च्या दोन्ही खुणा लावा. फुकट पीडीएफ कन्व्हर्टरबरोबर घुसणारा कचरा इथे अडतो. धोक्याच्या साइट्स अडवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या स्मार्टस्क्रीनची वेब तपासणी प्रामुख्याने एजमध्ये चालते. क्रोम वापरत असाल तर क्रोमच्या सेफ ब्राउझिंगमध्ये ‘एन्हान्स्ड प्रोटेक्शन’ लावा.

‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’मधली ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ ही सोय मुळात बंद असते आणि ती चालू करण्यासारखी आहे. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे फोल्डरांत अनोळखी प्रोग्रामला ती लिहू देत नाही. पहिला आठवडा त्रासाचा जातो: जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, स्कॅनरचा प्रोग्राम, मुलांचा गेम, ‘फाइल सेव्ह होत नाही’ म्हणून ओरडतात. प्रत्येकाला ‘अलाऊ ॲन ॲप’मधून एकदा परवानगी द्यावी लागते. ती डोळे मिटून देऊ नका, प्रोग्रामचं नाव आणि जागा वाचून द्या. फोटो डी ड्राइव्हवर असतील तर तो फोल्डर यादीत स्वतः घालावा लागतो.

सगळं झाल्यावर संरक्षण खरंच जागं आहे का, याची खात्री आयकार (EICAR) या संस्थेच्या चाचणी फाइलने होते. ६८ अक्षरांचा हा निरुपद्रवी मजकूर सगळे अँटिव्हायरस ठरवून व्हायरस समजतात. आयकारच्या अधिकृत साइटवरून ती उतरवायचा प्रयत्न करा. लगेच अडवली गेली तर ठीक. डाउनलोड होऊन शांतपणे पडून राहिली तर वरचं काहीतरी राहून गेलं आहे.

पहिला पूर्ण स्कॅन रात्री लावा. जुन्या हार्ड डिस्कवर त्याला काही तास लागतात. व्हायरस असल्याचा दाट संशय असेल तर ‘डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ करा. मशीन रीस्टार्ट होतं, विंडोज सुरू व्हायच्या आधी साधारण १५ मिनिटं तपासणी चालते आणि चालू विंडोजमध्ये लपून बसणारे त्यात सापडतात. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवरही बॉट (मशीन परक्याच्या ताब्यात देणारे छुपे प्रोग्राम) काढायची फुकट साधनं आहेत.

ऑटो-रिन्यूअल वेगळं बंद करायचं असतं

प्रोग्राम अनइन्स्टॉल केला म्हणून वर्गणी थांबत नाही. कंपनीच्या खात्यात लॉगिन करून ‘ऑटो-रिन्यूअल’ बंद करा आणि बंद केल्याचा मेल जपून ठेवा. मग बँकेच्या ॲपमध्ये किंवा कार्डाच्या ‘स्टँडिंग इन्स्ट्रक्शन’च्या यादीत तो ई-मँडेट (आपोआप पैसे कापायची परवानगी) शोधून रद्द करा. यूपीआयने भरले असतील तर ‘ऑटोपे’च्या यादीत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशा वसुलीच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते, आणि ती वसुली १५,००० रुपयांच्या आत असेल तर दरवेळी ओटीपी लागत नाही. घरगुती अँटिव्हायरसची रक्कम याच्या खूपच खाली असल्याने ओटीपी येईल, तेव्हा नाकारू, या भरवशावर राहता येत नाही. आदल्या दिवशीचा एसएमएस जाहिरातींच्या गर्दीत हरवतो. जुन्या मुदतीच्या तारखेच्या दोन दिवस आधीची आठवण मोबाइलमध्ये लावून ठेवा. तशी सूचना आलीच तर त्यातूनच मँडेट रद्द करायचा पर्याय मिळतो.